पोरगं मिशनच्या कामाला परदेशी चाललं: आमच्या मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत मी बावीस वर्षं संडे स्कूल घेते. माझा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं नऊ वर्षांपासून केनियात मकुएनी भागात राहतात. तरुण पोरं आणि त्यांची घरं, हेच त्यांचं काम. त्यामुळे आजूबाजूच्या गावांतलं कोणतंही पोरगं "मला पाचारण आहे", म्हणजे देवाचं बोलावणं आहे, असं म्हणालं, की त्याची आई आधी माझ्या ओट्यावर येऊन बसते. चहा होतो आणि तेच ते प्रश्न निघतात. शेवटी एकदाचे लिहून काढले. पाळकसाहेबांनी वाचले, बहुतेक ठिकाणी मान डोलावली, एका ठिकाणी नाही. ते ठिकाण मी तसंच ठेवलं आहे. कोणतं, ते पुढे येईलच.

"आपल्याच गावात एवढं करायचं पडलं आहे, मंग तिकडं कायले जाता?"

हा प्रश्न आमच्या बाबांनी भावाला गोठ्यात विचारला होता, गाईची धार काढता काढता. भाऊ चरवी धरून नुसताच उभा राहिला. प्रश्न खोटा नाही. कापसाचा भाव पडलेला, घरोघरी कर्ज, पोरं पानठेल्यावर मोबाइलमध्ये मान घालून बसलेली. एवढं सोडून समुद्रापलीकडे जाणाऱ्याला गावानं हे विचारलंच पाहिजे.

माझ्याकडेही याचं उत्तर नाही. मी विचारणाऱ्याला एक जागा दाखवते. आमच्या जुन्या मिशन कंपाउंडच्या मागे पळसाखाली एक कबर आहे, अडीच फुटांचीही नसेल. दगडावरचं नाव झिजून गेलं, वय तेवढं वाचता येतं: अकरा महिने. नाताळाच्या आधी संडे स्कूलची पोरं तिला चुना लावतात. एक पोरगा दरवर्षी विचारतो, "बाई, याची आई कुठं आहे?" ती आई कुठे पुरली हे आम्हाला माहीत नाही. पण ती निघाली तेव्हा तिच्याही गावात कोणीतरी म्हणालं असेल, इथं एवढं पडलं असताना त्या वऱ्हाडात कायले जातेस? कधीकाळी त्यांचा परदेश म्हणजे आपण होतो. आपल्या आजी-पणजीला त्यांचं काय भावलं आणि काय खटकलं, हे आपल्याला घरबसल्या माहीत आहे. जाणाऱ्यानं ते गाठीला बांधून न्यावं, एवढंच मी म्हणते.

आमच्या मंडळीचा एक नियमही आहे. ज्यानं गावात सलग दोन वर्षं संडे स्कूल किंवा तरुण संघ चालवला नाही, त्याच्या अर्जावर सही मिळत नाही. गावातली चार पोरं गोळा करता येत नसतील, तर विमानात बसल्यानं ती कला अंगात येत नाही.

दिवसभर तिथे करतात तरी काय? नुसता प्रचारच का?

भाऊ आयटीआय झालेला डिझेल मेकॅनिक आहे. सकाळी तो दहा-बारा पोरांना पाण्याचे पंप आणि मोटारसायकली दुरुस्त करायला शिकवतो. दुपारी दोन दिवस शाळेत जातो. संध्याकाळी तरुण संघ: गाणी, फुटबॉल, बायबलचा एखादा उतारा आणि मग खऱ्या गप्पा. नोकरी नाही, बाप पितो, पोरगी नाही म्हणाली, शहरात गेलेला मित्र फोन उचलत नाही. हे ऐकून मला वाटतं, तो आपल्या घाटंजीतच बसला आहे.

शनिवार घरांसाठी असतो. नवरा-बायकोचं भांडण, दारू, शाळा सोडलेली मुलगी. भावजय शिकलेली नर्स आहे, पण तिथल्या नोंदणीशिवाय ती एक इंजेक्शनही देत नाही. लोक मागतात तरी देत नाही. ती बायांचा गट चालवते: बाळाचं वजन, परसबाग, पोरीची पहिली पाळी आली की घरात कसं बोलायचं. रविवारी उपदेश बहुतेक वेळा तिथला स्थानिक पाळक करतो आणि भाऊ मागच्या बाकावर बसतो. हे कळल्यावर आमच्या मंडळीतले दोन वडीलधारे नाराज झाले होते. आपण पैसे पाठवतो आणि हा मागे बसतो? मला मात्र तेव्हा पहिल्यांदा त्याच्या कामाचा भरवसा वाटला.

तरुणांवर आणि मुलांवरच भर का? मोठी माणसं ऐकत नाहीत म्हणून?

टोमणा कळला. थोडं खरंही आहे. पण याचं मूळ वेगळं आहे. १७८० साली इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी संडे स्कूल सुरू केलं, ते आठवडाभर काम करणाऱ्या गरीब पोरांना रविवारी लिहा-वाचायला शिकवण्यासाठी. १८४४ साली लंडनमध्ये वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना निघाली, ती खेड्यातून शहरात कामाला आलेल्या, मुक्कामाला धड जागा नसलेल्या तरुणांसाठी. म्हणजे घरापासून तुटलेलं पोर हा या कामाचा पहिला विषय. आपल्याकडे १८९७ आणि १९००च्या दुष्काळांत मिशननं अनाथ मुलं सांभाळली. पंडिता रमाबाई तर पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः फिरल्या आणि शेकडो मुलींना घेऊन गेल्या. आमच्यातल्या कित्येक घरांची वंशावळ अशा एखाद्या बोर्डिंगच्या दारापाशी येऊन थांबते. त्याच्या मागचं नाव-गाव कोणाला ठाऊक नाही.

म्हणूनच पोराला घरापासून तोडून शिकवायचं की घरासकट शिकवायचं, हा प्रश्न आम्हाला पुस्तकी वाटत नाही. बोर्डिंगनं आमच्या आजोबांना अक्षर दिलं आणि आईची भाषा घेतली. ते कोलामी बोलणाऱ्या घरातले होते. भाऊ आज पोराबरोबर त्याच्या घरीही जातो, त्याचं एक कारण हे आहे.

आमिष दाखवून धर्म बदलवतात, असं लोक म्हणतात. त्यांना काय सांगायचं?

आधी रागावू नका. हा आरोप विदर्भाला नवा नाही. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं तेव्हा, १९५४ साली, सरकारनं निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कामाची चौकशी समिती नेमली. १९५६ला तिचा अहवाल आला आणि तो मिशनवर कडक होता. त्यावर ख्रिस्ती लोकांनी आक्षेप घेतले, आजही घेतात. पण शाळा, दवाखाना आणि कर्ज यांच्या आडून धर्म येतो का, हा त्यातला प्रश्न कोणत्याही मिशनरीनं स्वतःला रोज विचारावा असाच आहे.

कायदा सांगायचा तर राज्यघटनेच्या २५व्या कलमात धर्म आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. मेळघाट ओलांडून बैतुलकडे गेलात तर मध्य प्रदेशात १९६८पासून यावर वेगळा कायदा आहे.

आमच्या भावाचा नियम साधा आहे. पंप दुरुस्तीच्या वर्गाला येणाऱ्या पोरानं चर्चला यावं अशी अट नाही. वर्गात मुसलमान पोरंही आहेत. एकानं "मी चर्चला आलो तर फी माफ होईल का?" असं विचारलं, तेव्हा भावानं त्याला सांगितलं, फी आधीच माफ आहे, तू शुक्रवारी मशिदीत जा.

कुठल्या देशात हे काम चालतं आणि कुठे नाही?

विदर्भातल्या पोरांच्या डोक्यात पहिलं नाव नेपाळचं येतं. नागपूरहून गोरखपूरची गाडी, पुढे हद्दीवरचं सोनौली. व्हिसा नको, पासपोर्ट नको, मतदार ओळखपत्र चालतं. म्हणूनच सांगते, नीट ऐका. नेपाळच्या २०१५च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे. त्यांच्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. हद्द सोपी आहे म्हणून काम सोपं आहे असं नाही.

आखातातही सगळीकडे सारखं नाही. दुबई-अबूधाबीत चर्च आहेत, आपली मराठी माणसं तिथे उपासनेला जातात, पण मुसलमानांमध्ये प्रचार हा गुन्हा आहे. केनियात मोकळीक आहे. तिथे ख्रिस्तीच बहुसंख्य आहेत. मात्र पर्यटक म्हणून शिरून काम करता येत नाही. धार्मिक आणि सेवाभावी कामाचा वेगळा परवाना लागतो. भावाला तो मिळायला वेळ लागला आणि तेवढा काळ घरात सगळ्यांचं जेवण कमी झालं होतं.

कायदा मोडून जाण्यात शौर्य आहे असं ज्याला वाटतं, त्यानं जॉन अ‍ॅलन चाऊ हे नाव लक्षात ठेवावं. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये हा अमेरिकन तरुण अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटावर, जिथे जायला मनाई आहे, कोळ्यांना पैसे देऊन गेला आणि मारला गेला. पुढे त्या कोळ्यांना अटक झाली. त्यांच्या घरी कोण जेवू घालत होतं, हे कोणी विचारलं नाही.

पैसे कुठून येतात? अमेरिकेतून?

सगळ्यांना हेच वाटतं. येत नाहीत. भावाच्या घराचा निम्मा खर्च आठ मंडळ्या मिळून उचलतात आणि त्यांतल्या पाच आपल्या वऱ्हाडातल्या आहेत. उरलेला तो तिथे दुरुस्तीच्या कामातून आणि संस्थेच्या भत्त्यातून भागवतो.

आमच्याकडे कापणीच्या सणाला लिलाव होतो. वेदीपाशी कापसाचं गाठोडं, तुरीचं पोतं, काशीफळं, अंडी, एखादी कोंबडी. भाऊ जाणार होता त्या वर्षी एका म्हातारीनं एकच काशीफळ आणलं होतं. ते तीनशेला सुटलं. घेणाऱ्यानं ते परत ठेवलं, पुन्हा लिलाव. पुन्हा चारशेला. असं ते फळ सात वेळा विकलं गेलं आणि चार पासपोर्टांची फी निघाली. मोठ्यांचे दीड हजार, लहानांचे हजार. शेवटी ते काशीफळ म्हातारीनंच घरी नेलं आणि भाजी करून सगळ्यांना वाटली. जरा तिखट झाली होती.

मंडळीनं परदेशातून पैसा घ्यायचा असेल तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवीच. २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. "माझ्या खात्यात टाका, मी देतो" म्हणणाऱ्या माणसापासून लांब राहा, मग तो कितीही डोळे मिटून प्रार्थना करत असो. आणि ट्रस्टचा पैसा देशाबाहेर खर्च करण्याआधी सीएला विचारा, नंतर नाही.

मुलांचं काय?

याच प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घेते.

मराठीचं व्याकरण १८०५ साली छापणारा विल्यम कॅरी आपल्याला थोर म्हणून माहीत आहे. तो १७९३ साली बंगालात उतरला तेव्हा बायको डोरोथी आधी यायलाच तयार नव्हती. वर्षभरात पाच वर्षांचा पीटर आमांशानं गेला. डोरोथीचं मन त्यानंतर ठिकाणावर आलं नाही. १८०७पर्यंत ती तशीच जगली. पलीकडच्या खोलीत तिचा आरडाओरडा चाललेला आणि अलीकडे भाषांतर. हे संडे स्कूलमध्ये सांगायचं की नाही यावर आमच्यात वाद आहे. मी सांगते.

पुढे मिशनरी लोकांनी मुलांसाठी डोंगरावर शाळा काढल्या. मसुरीचं वुडस्टॉक १८५४चं, कोडाईकनालची शाळा १९०१ची. सहा-सात वर्षांचं पोर वर्षातले नऊ महिने आईबापापासून दूर. हवा थंड, शिक्षण उत्तम आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडणं. रूथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांना 'थर्ड कल्चर किड्स' म्हटलं: आईबापाची संस्कृती एक, राहत्या देशाची दुसरी आणि मुलाची या दोन्हींच्या मधली तिसरीच.

आमचा भाचा त्यातलाच. गेला तेव्हा चार वर्षांचा होता, आता तेराचा आहे. मागच्या मे महिन्यात आला तर बसस्टँडवर उतरल्याबरोबर म्हणाला, "आत्या, इथं सगळे माझ्यासारखेच दिसतात, पण मला कोणीच ओळखत नाही." आजीशी तो मराठी बोलतो, बहिणीशी स्वाहिलीत भांडतो, गणित इंग्रजीत करतो. त्याला झोपेत कुठली भाषा येते, हे मी विचारलं. म्हणाला, "फुटबॉलची."

चांगलंही सांगते. चार भाषा, जगात कुठेही बसता येणं, काळ्या-गोऱ्याची भीती नसणं. पण किंमत मुलानं मोजलेली असते आणि सही बापानं केलेली असते. म्हणून माझं मत असं, की बारा वर्षांच्या वरचं मूल "नको" म्हणालं तर ते कुटुंबाचं "नको" समजावं आणि थांबावं. पाळकसाहेबांनी मान डोलावली नाही ते ठिकाण हे. त्यांचं म्हणणं, पाचारण घराच्या कर्त्याला येतं. मी म्हणते, सामान सगळ्यांचं बांधलं जातं.

व्यवहाराचं: मुलांच्या शाळेचं ठरल्याशिवाय तिकीट काढू नका. परत यायची वेळ दहावीच्या आधी ठेवा किंवा बारावीच्या नंतर. मध्ये आणलेल्या पोराची दोन वर्षं जातात.

म्हाताऱ्या आईबापाकडे कोण पाहील?

जो मागे राहतो तो. आमच्या घरी मी.

हे कोणी सभेत सांगत नाही. साक्ष देणारा व्यासपीठावर "सर्व सोडून निघालो" म्हणतो, तेव्हा ते सगळं कोणाच्या अंगावर सोडून निघाला, हेही तिथे उभं असतं. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा भाऊ सहा तासांच्या विमानाच्या अंतरावर होता; तिकिटाचे पैसे जमायला अकरा दिवस गेले. मी तेव्हा त्याच्यावर फार चिडले होते. फोनवर नको ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं. आता आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत: अचानकच्या तिकिटाचा पैसा वेगळ्या खात्यात, बाबांच्या औषधाचा महिन्याचा खर्च भाऊ उचलतो, रक्कम लहान असली तरी, आणि दर दोन वर्षांनी तो दोन महिने घरी, ते दोन महिने सभा-दौरे बंद, फक्त बाबांना अंघोळ घालायची. तिसरी अट त्याला सगळ्यात जड गेली, कारण परत आलेल्या मिशनरीला प्रत्येक मंडळी बोलावते. यंदा आमच्याही मंडळीला त्यानं नाही म्हटलं.

आई मात्र कधी काही बोलली नाही. ती रोज त्यांच्या वेळेनं जगते. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झाले की "आता पोरं शाळेतून येऊन खेळून आली असतील" म्हणत फोन भिंतीला टेकवून बसते.

भाषा शिकायला किती दिवस लागतात?

कामापुरती वर्षभरात. माणसापुरती पाच वर्षं. भाऊ पहिल्या वर्षी वर्गात स्वाहिली शिकला आणि काही उपयोग झाला नाही. मकुएनीत तुरीचं पीक मोठं. हो, आपलीच तूर. तिथे तिला म्बाझी म्हणतात. हंगामात बाया अंगणात बसून ओल्या शेंगा सोलतात. भावजय त्यांच्यात जाऊन बसली. तिचा हात त्यांच्याइतकाच भरभर चालतो हे पाहून एका म्हातारीनं तिच्या मांडीत आणखी एक सूप ओतलं. तिथून खरी भाषा सुरू झाली. आधी शिव्या आल्या, मग गाणी, मग सुनांच्या तक्रारी. भाऊ अजून तिच्या मागे आहे.

पंधरा दिवसांची मिशन ट्रिप करावी का?

शिकायला जायचं असेल तर जा. मदत करायला जातो असं म्हणू नका. पंधरा दिवसांत तुम्ही भिंत रंगवाल. ती तिथल्या माणसाला तुमच्याहून चांगली रंगवता येते आणि त्याला मजुरीही मिळाली असती.

अनाथाश्रमाच्या ट्रिपा तर नकोच. नेपाळ, कंबोडिया अशा देशांत पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईबाप हयात असलेली मुलं आश्रमात भरल्याची प्रकरणं उघड झाली आहेत. दर पंधरा दिवसांनी नवी ताई येते, मिठी मारते, फोटो काढते, जाते. मूल शेवटी कोणालाच मिठी मारत नाही. फोटोचं म्हणाल तर एकच कसोटी: तुमच्या लेकराचा असा फोटो परक्या देशात भिंतीवर लावलेला चालेल का? आपल्या दुष्काळातल्या मुलांचे फोटो असेच लावले गेले होते.

थोडा जास्त वेळ असेल, वर्ष-दोन वर्षं, तर ओएम (ऑपरेशन मोबिलायझेशन) या मिशन संस्थेची जहाजं आहेत. १९७०च्या सुमाराला 'लोगोस'पासून ती सुरू झाली. १९८८ला ते चिलीजवळ खडकावर फुटलं आणि सगळे वाचले. आता 'लोगोस होप' फिरतं. देशोदेशीचे तरुण त्यावर पुस्तकं विकतात, भांडी घासतात, इंजिनात तेल घालतात. भांडी घासायची तयारी असेल तरच अर्ज भरा.

जीवाला धोका असतो का?

असतो. २००७च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियाच्या एका चर्चमधल्या तेवीस जणांना अफगाणिस्तानात तालिबाननं पळवलं; दोघांना ठार मारलं, बाकीचे ऑगस्टअखेर सुटले. आपल्या देशातही १९९९च्या जानेवारीत ओडिशात ग्रॅहम स्टेन्स यांना फिलिप आणि टिमोथी या दहा आणि सहा वर्षांच्या मुलांसह गाडीत जाळलं. पत्नी ग्लॅडिस लेकीला घेऊन त्यानंतरही काही वर्षं बारिपद्याच्या कुष्ठरोग्यांतच राहिल्या. आणि आपल्याजवळचं सांगायचं तर नागपूरला १८४५ साली आलेले स्टीफन हिस्लॉप १८६३च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात गेले. मिशनरी बहुतेक वेळा पूर, ताप आणि रस्ते यांनीच मरतात. मोटारसायकलवर हेल्मेट घाला.

लेकीला एकटीला पाठवावं का?

वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल माहीत असेल. ते उभं करणाऱ्या ऑर्फा स्पायकर या डॉक्टर बाई १९३०च्या दशकात एकट्याच आल्या होत्या. आपल्या पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला कडेवर घेऊन इंग्लंडला गेल्या, विधवा असताना. तेव्हा लेक एकटी जाऊ शकते का हा प्रश्नच नाही. तिच्याबरोबर काम करणारी दुसरी बाई तिथे आहे का, राहायची खोली आतून बंद होते का, तक्रार करायची तर कोणाकडे, आणि तो माणूस तिच्या वरिष्ठाचा मेहुणा तर नाही ना, हे विचारा.

संस्था खरी की खोटी कसं ओळखायचं?

आमच्या पुढच्या गावातल्या एका पोराकडून एका संस्थेनं प्रशिक्षणाचे म्हणून सत्तर हजार घेतले आणि तिसऱ्या देशात हॉटेलात भांडी घासायला लावलं. घरच्यांनी म्हैस विकली होती. नाव घेत नाही. पण त्यानंतर आम्ही विचारायला शिकलो. हिशेब दाखवतात का? पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायला देतात का? आधी जाऊन आलेल्या दोघांशी, संस्थेच्या माणसांच्या अनुपस्थितीत, बोलू देतात का? मुलांमध्ये काम करणाऱ्यांची चौकशी करतात का, आणि मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांत जातात की "आपण प्रार्थना करू" म्हणतात? आपल्याकडे २०१२च्या पॉक्सो कायद्यानं ही माहिती देणं बंधनकारक आहे. हे मुलाखतीत ज्यांना माहीत नव्हतं, त्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवलं.

आणि प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास असं जो म्हणेल, तिथे तर मुळीच नको. केनियातच शाकाहोलाच्या जंगलात २०२३ साली एका उपदेशकाच्या नादी लागून उपाशी राहिलेल्या चारशेहून अधिक माणसांची प्रेतं निघाली. त्यांत लेकरं होती. भाऊ त्या महिन्यात तरुण संघात एकच विषय घेत होता: उपदेशकाला उलट प्रश्न कसा विचारायचा.

कागदपत्रं?

पासपोर्ट नागपूर कार्यालयाकडून. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो आणि काही देशांत नोकरीला जायला वेगळी परवानगी लागते, म्हणून दहावीचं प्रमाणपत्र जपा. लहान मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती. पूर्व आफ्रिकेसाठी पिवळ्या तापाची लस, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. तो पिवळा दाखला हरवला तर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवस अडकवून ठेवू शकतात.

नाही जमलं आणि परत आला तर लोक काय म्हणतील?

म्हणतात. आमचा एक पोरगा पाच महिन्यांत परत आला. झोप लागत नव्हती, वजन बारा किलो उतरलं होतं. पहिल्या रविवारी तो चर्चच्या मागच्या दारानं आला आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून गेला. ज्यांनी त्याला हार घातले होते त्यांनी रस्ता बदलला. मी पण दोन आठवडे गेले नाही त्याच्याकडे, काय बोलावं कळेना म्हणून. शेवटी आमची आई गेली, भाकरी-ठेचा घेऊन, आणि त्याला म्हणाली, "बाबू, आमच्या वावरात फवारणीला माणूस नाही, येतो का?" तो आला. आता तोच संडे स्कूलची मोठी पोरं सांभाळतो आणि जाणाऱ्यांची तयारी घेताना सगळ्यात कामाचे प्रश्न त्याचेच असतात.

परत येणाऱ्याचा खर्च मंडळीनं आधीच बाजूला काढून ठेवावा. मिशन सोडून आला तरी तो पैसा त्याचाच.

भावाला काही पाठवायचं आहे. काय चालतं?

कुरडया, पापड, सांडगे, भिवापुरी मिरचीचं तिखट. लोणचं गळतं. बियाणं अजिबात नाही, त्याला तिथली परवानगी लागते. आणि तूर पाठवू नका हो, तिथे ढीग आहे. सगळं कापडी पिशवीत किंवा डब्यात. केनियात २०१७पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि दंड भयंकर. आपल्याकडेही २०१८पासून आहे म्हणतात, बाजारात दिसत मात्र नाही. मागच्या वेळी आईनं जुन्या लुगड्याच्या सहा पिशव्या शिवून दिल्या. पापड संपले. पिशव्या भाच्यानं ठेवून घेतल्या आहेत, एकीत तो फुटबॉलचे बूट ठेवतो.